तळहातभर चुना

अठ्ठेचाळीस पायऱ्या. वहिनी त्या सकाळपासून चौथ्यांदा चढत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी चहाचा ट्रे कठड्यावर टेकवला आणि दम घेतला. वरून धाकट्या दिरांचा मोठा आवाज येत होता, म्हणजे भांडणाला अजून तोंड फुटलं नव्हतं. भांडण खरंच पेटलं की धाकट्यांचा आवाज बारीक होतो आणि आपल्या नवऱ्याचा अजिबात ऐकू येत नाही, एवढी या घराची नाडी त्यांना छत्तीस वर्षांत सापडली होती.

"आई, आण तो ट्रे." लेक चार पायऱ्या उतरून आली. "मला हाक मारायची ना."

"हाक मारायलाही दम लागतो, खडू."

लहानपणी दिसेल त्या कोऱ्या भिंतीवर घरं काढत सुटायची, म्हणून आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, ठेवलेलं हे नाव. आता ती चौतीस वर्षांची होती, वारसा कचेरीत वास्तुतज्ज्ञ होती, चार माणसं तिला मॅडम म्हणत होती आणि घरात ती अजून खडूच होती.

घरातलं काहीही ठरायचं ते पूर्वी तळमजल्यावर, घरच्या चुनेकामाच्या कारखान्यात, चुन्याच्या हौदाशेजारी ठरायचं. गेले चौदा महिने ते तिसऱ्या मजल्यावर ठरत होतं, कारण वहिनींची नणंद, ताई, खाली येऊ शकत नव्हती. खुब्याची दोन ऑपरेशनं झाली, दोन्ही फसली, आणि चाळीस वर्षं या भागात दारोदार टपाल वाटत फिरलेली बाई चाकांच्या खुर्चीत बसून समोरचं छप्पर बघत राहिली. एकदा तिला खुर्चीसकट उचलून उतरवायचा प्रयत्न झाला होता. अरुंद वळणावर खुर्ची कलंडली, ताई थोडक्यात वाचली, आणि त्यानंतर तिनं कुणाला हात लावू दिला नाही. डॉक्टरच वर येत. त्या प्रसंगाआधी, दुसऱ्या ऑपरेशननंतर, ती दवाखान्यातून थेट महिनाभर धाकट्याकडे राहिली होती. तिथे लिफ्ट होती. पण खाली उतरून नमस्कार करावा असं एकही माणूस तिथे नव्हतं, असं म्हणत ती स्ट्रेचरवरून परत आली आणि त्याच खोलीत जाऊन बसली. वयानं वहिनींच्या नवऱ्याहून, दादाहून, तीन वर्षांनी लहान, तरी दादासकट सगळं घर तिला ताईच म्हणे.

खोलीत धाकटा टेबलावर कागद पसरून बसला होता. दादा खिडकीपाशी उभा होता, पाठ सगळ्यांकडे. गेल्या बैठकीत दोघांनी एकमेकांना नको ते बोलून घेतलं होतं. आज निदान दोघं एका खोलीत होते, हेही वहिनींना पुष्कळ वाटलं.

"वहिनी, बसा तुम्ही. सही तुमची लागत नाही, पण ऐका," धाकटा म्हणाला. सत्तावन्न वर्षांचा, फरशीच्या दुकानाचा मालक, बोलताना समोरच्यालाही फरशी विकतोय असं वाटायचं. "साधा कागद आहे. घर धोकादायक झालंय असं आपण तिघांनी लिहून द्यायचं. माझा इंजिनिअर दाखला देतो. वारशाच्या यादीतून घर बाहेर. कोपऱ्यावरच्या बिल्डरशी माझं बोलणं झालंय. तो नवं बांधून देतो, ताईला तळमजल्यावर खोली, शिवाय लिफ्ट. दोन वर्षांत सगळं."

"काका, घर धोकादायक नाहीये," खडू म्हणाली.

"तुझी आत्या धोक्यात आहे, तेवढं पुरे."

"एक घर पडलं की रांग तुटते. त्या बिल्डरला आपल्या घराशी काही देणंघेणं नाही, त्याला रांग तोडायची आहे. मग उरलेल्या तीस घरांना कोण वाचवणार?"

"तीस घरं, तीस घरं!" धाकट्यानं कप खाली ठेवला. "बघ ताई, खडूची कशी खडूस झाली ती. अगं, तीन वेळा अर्ज केला आपण लिफ्टचा. मागे दुसऱ्याचं घर, म्हणून लिफ्ट पुढूनच घ्यावी लागणार, जिन्याशेजारी भिंतीची चार फूट पट्टी कापायची. एवढंच मागितलं. तिन्ही वेळा काय उत्तर आलं? 'दर्शनी भिंत मूळ चुनेकामाची असल्याने छेद देता येणार नाही.' आणि ती मूळ चुनेकामाची आहे हे कुणी लिहिलं?"

ते खडूनंच लिहिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, नोकरीतलं पहिलं काम. तिच्याच अहवालावर ही गल्ली यादीत आली होती. घरचीच फाइल म्हणून तिला आता त्या अर्जात बोट घालायची मुभा नव्हती. आज चार वाजता तिचे वरिष्ठ शेवटच्या पाहणीला यायचे होते, आणि ते काय म्हणणार हे खोलीतल्या सगळ्यांना पाठ होतं.

"ताई, तू सांग," धाकटा म्हणाला.

ताईनं बिस्किट चहात बुडवलं, शांतपणे खाल्लं. मग म्हणाली, "मला गल्ली पाडायची नाहीये. मला गल्लीत जायचंय. यातलं जे काही लवकर होईल ते करा. माझी सही हवी असेल तर आण इकडे."

खडूनं आत्याकडे चमकून पाहिलं. आत्या आपल्या बाजूची आहे असं ती धरून चालली होती. तिला पुस्तकं आणून देणारी, तिच्या अहवालाची प्रत ट्रंकेत जपून ठेवणारी आत्या.

"बघू नकोस अशी," ताई म्हणाली. "तुझा अहवाल चांगला आहे. पण मी त्याच्या आत राहते."

"दादा?" धाकट्यानं पेन पुढे केलं.

"भिंतीला हात लावायचा नाही," दादा खिडकीशी बोलावं तसं म्हणाला आणि खोलीबाहेर गेला.

*

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वहिनींनी त्याला गाठलं. दादा पायरीवर बसला होता. चौसष्ट वर्षांचा माणूस, सगळी हयात चुन्यात गेलेली, बोटांच्या पेरांना भेगा. बायकोची पावलं ओळखूनही त्यानं मान वर केली नाही.

"सांगून टाका आता," वहिनी म्हणाल्या.

"काय सांगू?"

"अहो, माझ्यापुढे तरी नको. लग्नानंतर चार महिन्यांनी तुम्ही मला सांगितलं होतंत. मी छत्तीस वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पण त्या छत्तीस वर्षांत कुणी वर अडकून पडलं नव्हतं."

"आप्पांचं नाव जाईल. पोरीची नोकरी जाईल."

"आणि ताईंचं काय जातंय ते दिसत नाही तुम्हाला? रोज सकाळचा चहा तुम्हीच नेता ना वर?"

दादानं तळव्यानं तोंड पुसलं. तो थकला होता. भांडून नव्हे, कारण तो भांडलाच नव्हता. लपवून ठेवण्याचा जो थकवा असतो तो त्याला आता हाडांपर्यंत पोचला होता. दर वर्षी तो स्वतः परांची बांधून ती भिंत पांढरी करायचा, दुसऱ्या कुणाला चढू द्यायचा नाही. केवढं प्रेम आहे घरावर, असं गल्ली म्हणायची. कुठे तडा गेलाय का, आतलं करडं कुठे डोकावतंय का, हे तो बघत असायचा.

"मी उद्या सांगतो," तो म्हणाला.

"साहेब आज येणार आहेत."

"मग गेल्यावर सांगतो."

"तुम्ही सांगता की मी सांगू?" वहिनींचा आवाज चढला नव्हता. त्या नुसत्याच उभ्या होत्या, हातात रिकामा ट्रे घेऊन. "मी आज धाकट्या भावजींच्या बाजूनं आहे. ते म्हणतात ते सगळं मला पटत नाही. पण ते निदान तिला खाली आणायचं बघतायत. तुम्ही नुसती भिंत बघताय."

दादा उठला. कठडा धरून, एकेक पायरी.

*

"ती भिंत चुन्याची नाही," त्यानं दारातूनच सांगितलं.

कुणालाच आधी कळलं नाही. धाकटा कागदाची घडी घालत होता, तो म्हणाला, "कुठली?"

"पुढची. आख्खी. आत सिमेंट आहे, सळया आहेत. वरून फक्त चुन्याचा हात."

मग तो पलंगाच्या कडेला बसला आणि जमिनीकडे बघत सांगू लागला. बेचाळीस वर्षांपूर्वी गल्ली पाडून रुंद रस्ता काढायचं ठरत होतं. आप्पांनीच अर्जविनंत्या करून ते थोपवलं होतं आणि समिती गल्ली बघायला येणार होती. ही गल्ली चुन्याची आहे, दोनशे वर्षं एकाच घराण्याच्या हातानं सांभाळलेली आहे, हेच आप्पांचं म्हणणं. आणि समिती यायला अठरा दिवस उरले असताना आपल्याच घराची पुढची भिंत फुगली आणि एका पहाटे खाली बसली.

"चुन्यात उभी करायची तर वर्ष लागतं. चुना मुरायला हवा, एक थर सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही. अठरा दिवसांत काय होणार? आप्पांनी गोणपाटाचे पडदे लावले आणि सिमेंट मागवलं. आम्ही दोघंच होतो. ताई, तू टपालखात्याच्या शिक्षणाला गेली होतीस. तू मामाकडे," तो धाकट्याकडे न बघता म्हणाला. "समिती आली, भिंत बघून खूश झाली. गल्ली वाचली. पुढे आम्ही गल्लीतली एकोणीस घरं केली, ती सगळी खऱ्या चुन्यात. एक मूठ सिमेंट नाही त्यांत. फक्त आपलंच राहिलं. नंतर करू, नंतर करू म्हणत राहिलं."

पहिलं वाक्य धाकट्याचं होतं, आणि ते वहिनींना जेमतेम ऐकू आलं.

"एक मूठ," तो म्हणाला. "मी अठरा वर्षांचा होतो. लवकर धरावा म्हणून चुन्यात एक मूठ सिमेंट टाकलं होतं मी. आप्पांनी सगळ्या कामगारांसमोर माझ्या थोबाडीत मारली. म्हणाले, तुझ्या हाताला इमान नाही, पुन्हा थापीला शिवू नकोस. आयुष्यभर फरशा विकल्या मी, दादा. तू तिथेच उभा होतास. तुला तेव्हाही माहीत होतं."

"हो."

"तेव्हाच म्हणाला असतास एक शब्द. मला बाजूला घेऊन."

"हो," दादा पुन्हा म्हणाला.

धाकटा हसला. ते हसू कुणालाच आवडलं नाही. "म्हणजे आप्पांनी सगळ्या गावाला चुना लावला. आणि तोसुद्धा सिमेंटचा."

खडू भिंतीला टेकून उभी होती. ती मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासत होती. "पण मी नमुना घेतला होता," ती म्हणाली. "प्रयोगशाळेत दिला होता. चुना, वाळू, विटांची पूड. दोनशे वर्षांपूर्वीचं मिश्रण. बाबा, तो निकाल खोटा नाहीये."

"नमुना कुठून घेतलास?"

तिची नजर खिडकीकडे गेली.

या घराण्याची एक रीत होती. कुठल्याही जुन्या घराला नवा गिलावा करताना तळहाताएवढी जागा मुद्दाम तशीच ठेवायची. पाण्याच्या पाइपमागे, खिडकीच्या बगलेत, कुणाला दिसणार नाही अशी. तिला साक्ष म्हणायचं. शंभर वर्षांनी कुणी कारागीर आला तर त्याला कळावं, मूळ काम कसं होतं, मिश्रण काय होतं. या घराची साक्ष दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या बाहेर होती. खडू पाच वर्षांची असताना आजोबांनी तिला उचलून त्यावर तिचा हात ठेवला होता आणि म्हणाले होते, हा खरा चुना, विसरू नकोस.

ती विसरली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी नमुना घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं विचार केला, एवढ्या सुंदर भिंतीला कशाला जखम करायची? पुढच्या माणसासाठी ठेवलेली जागा आहेच की. परका कुणी असता तर त्यानं सरळ भिंतीच्या मध्यात छिन्नी मारली असती आणि दोन मिनिटांत खरं कळलं असतं. ती घरची होती, म्हणून तिनं नेमका तोच तुकडा उचलला जो जुनी भिंत पडली तेव्हा एका टोकाला चिकटून उरला होता. तळहातभर चुन्यावरून तिनं तीन मजल्यांची भिंत अस्सल ठरवली होती.

"साक्षीतून," ती म्हणाली. "मी साक्षीतून घेतला."

दादानं मान हलवली. त्याला नऊ वर्षं माहीत होतं.

"अहवाल लिहून झाल्यावर मी तुम्हाला वाचून दाखवला होता, बाबा. तुम्ही म्हणालात, छान लिहिलंयस."

"छानच लिहिला होतास."

खडूला रडू आलं आणि त्याचा तिला राग आला. नोकरीचं काय होईल हा विचार अजून तिच्यापर्यंत पोचलाही नव्हता. आपल्याला शिकवणाऱ्या माणसानं आपल्याला अर्धंच शिकवलं, एवढंच तिला कळत होतं.

ताईनं खुर्ची दोन्ही हातांनी वळवली, दादाच्या समोर आणली, इतकी जवळ की तिचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना लागले.

"चौदा महिने," ती म्हणाली.

"ताई..."

"थांब. तीन वेळा नकार आला. तिन्ही वेळा तूच मला ते पत्र वाचून दाखवलंस. मला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून. तू वाचलंस, मूळ चुनेकाम. आणि म्हणालास, काय करणार, नियम आहे."

"आप्पांचं नाव..."

"आप्पा गेले, दादा. त्यांना जायला दहा वर्षं झाली. मी आहे ना अजून." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "रोज सकाळी चहा घेऊन यायचास. बशीत ओतून द्यायचास. आज बरं वाटतंय का विचारायचास. एका वाक्याचं काम होतं रे. एका."

दादानं तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं आपला काढून घेतला.

"आत्या," खडू मधे पडली, "हे बाहेर आलं तर सगळ्या गल्लीच्या कागदांवर प्रश्न उभा राहील. माझ्या अहवालावरच..."

"माहीतंय मला. तू म्हणशील, ताई एवढी समजूतदार, ती म्हणेल राहू दे, मी बसते वरच. नाही म्हणणार. मला मोठेपणा नको. मला खाली जायचंय." ताईनं डोळे पुसले. "तुझं नुकसान होणार, ते मला दिसतंय. मला वाईटही वाटतंय. तरी सांग साहेबांना."

खडूनं बापाकडे पाहिलं, मग काकाकडे. काका खिडकीबाहेर बघत होता. ज्याच्यासाठी तो तीन महिने धावत होता ते आयतं हातात आलं होतं, आणि त्याला काहीच बोलावंसं वाटत नव्हतं.

"सांगते," खडू म्हणाली.

*

साहेब बरोबर चार वाजता आले आणि अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून आल्यावर पाच मिनिटं नुसते पाणी पीत राहिले. सात महिन्यांनी निवृत्त होणारे, जाड काचांचा चष्मा, काखेत फाइल. नियमाप्रमाणे नाही म्हणायचं, सहानुभूती दाखवायची आणि निघायचं, अशी त्यांची तयारी होती.

खडूनं उभं राहून सांगितलं. तिनं काही सजवलं नाही, आजोबांची बाजूही मांडली नाही. नमुना कुठून घेतला, का घेतला, आज काय कळलं, एवढंच.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुम्ही हे मला तोंडी सांगताय. तोंडी सांगितलेलं मी विसरू शकतो. वय झालंय."

ती वाट सोपी होती आणि ती सगळ्यांना दिसली.

"लेखी देते, सर," खडू म्हणाली.

"पुरावा?"

दादा उठला. खाली जाऊन छिन्नी-हातोडी घेऊन आला. ताईच्या खिडकीतून अर्धा बाहेर झुकला, धाकट्यानं काही न बोलता त्याची कंबर धरली. खिडकीखाली, भिंतीच्या मधोमध, दादानं छिन्नी टेकवली. चार घाव. पांढरा पापुद्रा आधी सुटला, मग करडा खडा आला, त्यातून गंजलेल्या सळईचं टोक दिसलं. दादानं तो खडा साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मी पस्तीस वर्षं या गल्लीत येतोय," ते म्हणाले. "नव्या लोकांना घेऊन यायचो. ही भिंत दाखवायचो." मग त्यांनी फाइल उघडली आणि उभ्यानंच लिहायला सुरुवात केली.

"घर यादीतून आज निघणार नाही. रांगेचा भाग म्हणून राहील. पण मूळ चुनेकामाचं कलम जाईल, मग जिन्याशेजारी छेद द्यायला मला अडचण दिसत नाही. दोन महिने धरा. गल्लीची फेरतपासणी होईल, प्रत्येक घराची, भिंतीच्या मधून नमुना. तोवर कुणालाच काही पाडता येणार नाही." हे शेवटचं त्यांनी धाकट्याकडे बघून म्हटलं, कोपऱ्यावरच्या बिल्डरची माणसं कुणाकुणाकडे जातात हे कचेरीला ठाऊक होतं.

"एकोणीस घरं चुन्याची निघतील, साहेब," दादा म्हणाला. "मी सांगतो."

"तुमच्या सांगण्याला आता काय अर्थ आहे, मिस्त्री?" साहेब म्हणाले. लागेलसं म्हणाले नव्हते, दमून म्हणाले होते. "निघाली तर आनंद आहे."

"तपासणीत मी..." खडूनं विचारलं.

"तुम्ही नाही. तुमची चौकशी होईल. मी चांगलं लिहीन, पण होईल." जाताना दारात ते थांबले. "लेखी द्यायला नको होतंत, मॅडम. म्हणजे, द्यायलाच हवं होतं. पण नको होतंत."

त्यांची पावलं खालपर्यंत ऐकू आली.

धाकट्यानं टेबलावरचा कागद उचलला. फाडेल असं खडूला वाटलं. त्यानं नीट घडी घालून खिशात ठेवला. "दोन महिन्यांचे सहा झाले तर मी हा काढणार," तो म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

"दोन महिने," ताई म्हणाली. ती खिडकीकडे बघत होती. "मी दोन महिने थांबणार नाही. मला आत्ता खाली न्या."

"ताई, मागच्या वेळी..." वहिनी म्हणाल्या.

"मागच्या वेळी मला भीती होती. आज नाही. पडले तर पडले. धर रे दोघांनी."

तिनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण तिथे दोघंच होते. दादा मागून, धाकटा पुढून. वहिनी उशी घेऊन पुढे उतरत होत्या, खडू खुर्चीचं चाक भिंतीला घासू नये म्हणून हात मधे घालत होती. पहिल्या वळणावर धाकट्याची पकड सुटता सुटता राहिली. "खाली ठेव, दम घे," दादा म्हणाला. "तूच घे, म्हातारा तू आहेस," धाकटा म्हणाला. तिसऱ्या मजल्यापासून तळमजला गाठेपर्यंत या दोन भावांनी एवढंच संभाषण केलं.

गल्लीत ऊन उतरलं होतं. समोरचा कुलूपवाला हातातलं काम टाकून उठला. "ताई! अहो, किती दिवसांनी!" तिनं हात वर केला, पण तिकडे गेली नाही. "मला वळवा," ती म्हणाली. "भिंतीकडे."

दादानं खुर्ची वळवली आणि तो मागे सरला.

ताईनं मान वर केली. तीन मजले पांढरी भिंत, प्रत्येक खिडकीवर वेलीची नक्षी, पानं इतकी पातळ की वाऱ्यानं हलतील असं वाटावं. आणि वर, तिच्या खिडकीखाली, बशीएवढी करडी जखम. ती कितीतरी वेळ बघत राहिली. दादाला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती मागून मान दिसत होती.

"हे सगळं अठरा दिवसांत?" तिनं विचारलं. खोलीतल्या त्या बोलण्यानंतर ती प्रथमच त्याच्याशी बोलत होती.

"सतरा. एक दिवस आप्पांना ताप होता."

"पानं कुणी केली?"

"खालची त्यांनी. वरची मी."

"वरची जास्त चांगली आहेत," ताई म्हणाली.

दादा रडायला लागला. गल्लीच्या मधोमध, भाऊ, बायको, लेक आणि कुलूपवाला बघत असताना. त्याला ते थांबवता येईना आणि कुणी थांबवायलाही गेलं नाही. ताईनं वळून पाहिलं नाही. त्याचं संपल्यावर तिनं विचारलं.

"लिफ्टसाठी कुठून कापणार?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं, पुढे होऊन हातानं दाखवलं. जिन्याच्या कडेनं, वरपासून खालपर्यंत, चार फूट. त्यात तिन्ही मजल्यांवरची एकेक खिडकी जात होती.

"म्हणजे वरची पानं जाणार."

"जाणार."

"बरं," ताई म्हणाली. "परवानगी आली की काप. पण तूच कापायचंस, दादा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि मी इथे बसून बघणार आहे."